मैल्याचा गाळ : दळण, वायू आणि जमाखर्च

गेल्या पावसाळ्यानंतर आपल्या संस्थेच्या अभ्यासवर्गातील विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही शहराबाहेरचे मैलापाणी शुद्धीकरण केंद्र पाहावयास गेलो होतो. मुलांनी नाकाला रुमाल लावले, मग हळूहळू काढले. वासाची सवय माणसाला लवकर होते. केंद्रातील एका मोठ्या बंद टाकीपाशी आल्यावर तेथील कर्मचाऱ्यांनी सांगितले, "ह्यात गाळ कुजतो. पंचवीस दिवस ठेवावा लागतो." बारावीत शास्त्र शाखेला असलेल्या एका मुलीने लगेच विचारले, "काका, घरचं अन्न तर एका रात्रीत आंबतं. मग ह्याला पंचवीस दिवस कशाला?" कर्मचारी हसले आणि म्हणाले, "ताई, ते इंजिनियर साहेबांना विचारा." साहेब त्या दिवशी नव्हते.

आम्ही पडलो कला शाखेचे पदवीधर, आणि नोकरी बँकेतील. उत्तर आमच्यापाशीही नव्हते. पण प्रश्न मनातून जाईना. पुढचे काही महिने वाचनालयात बसून, दोन अभियंता मित्रांना पुन्हा पुन्हा त्रास देऊन जे समजले ते ह्या लेखात मांडीत आहोत. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर तर त्यात आहेच. शिवाय ते पंचवीस दिवस कमी करण्यासाठी जगात काय खटपटी झाल्या, म्हणजे गाळ यंत्रात घालून दळण्याची, चिरडण्याची, फोडण्याची जी विद्या निघाली, तिचीही ओळख आहे.

धम्माच्या स्मरणिकेत मैल्याचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. आपल्या वसाहतीतील किती घरांत आजोबा वा वडील सफाई खात्यात होते, हे मोजायला गेले तर दोन्ही हातांची बोटे पुरणार नाहीत. राजगृहाचा रस्ता झाडणाऱ्या सुनीताची कथा बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथात घेतली आहे. भगवंतांनी त्याला संघात घेतले, तो भिक्खू झाला. सुनीताच्या हातातील झाडू सुटला, पण राजगृहाचा कचरा मागे राहिलाच असणार आणि तो दुसऱ्या कोणीतरी उचलला असणार. हे दुसरे कोणी कोण, आणि ते काम माणसाच्या हाताने व्हावे की यंत्राच्या, हा प्रश्न अडीच हजार वर्षांनीही पुरता सुटलेला नाही. म्हणून ह्या विषयाची तांत्रिक बाजू आपल्या मुलांना माहीत असलेली बरी.

आता मूळ गोष्टीकडे वळू. गटारातून केंद्रात आलेले मैलापाणी आधी जाळीतून जाते. चिंध्या, प्लॅस्टिक, केस तेथे अडतात. मग वाळू खाली बसते. पुढच्या टाकीत पाणी संथ ठेवतात, तेव्हा जड घाण तळाशी जमते. हा पहिला गाळ. वरचे पाणी अजून गढूळच असते, कारण त्यात विरघळलेली घाण असते. ती काढण्याचे काम जिवाणूंना देतात. पाण्यात हवा सोडली की त्यातील जिवाणू ती घाण खाऊन वाढतात, एकमेकांना चिकटून त्यांचे तपकिरी पुंजके बनतात, आणि हे पुंजके पुढच्या टाकीत खाली बसले की वर निवळ पाणी राहते. इंग्लंडात मँचेस्टर येथील एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट ह्यांनी 1914 मध्ये ही पद्धत जाहीर केली. तळाशी बसलेला जिवाणूंचा गाळ टाकून न देता पुन्हा नव्या मैलापाण्यात मिसळायचा, म्हणजे काम झपाट्याने होते, ही त्यातली खुबी. आपल्या घरी विरजण राखून ठेवतात तसेच. सक्रिय गाळ पद्धत ह्या नावाने ती आज जगभर चालते.

पण विरजण रोज वाढत जाते. जिवाणूंनी खाल्लेल्या घाणीतला बराच भाग त्यांच्या स्वतःच्या शरीरात जातो, म्हणजे घाण नाहीशी होत नाही, पाण्यातून निघून जिवाणूंच्या रूपात येते. हा वाढावा रोज काढावा लागतो. तो दुसरा गाळ. पाणी नदीत गेले की नागरिकांच्या दृष्टीने काम संपले. केंद्राच्या दृष्टीने मात्र खर्चाचे काम येथे सुरू होते. केंद्र चालविण्याच्या एकूण खर्चापैकी गाळाची विल्हेवाट लावण्यातच निम्म्यापर्यंत खर्च होऊ शकतो, असे ह्या विषयावरील पुस्तके सांगतात. आम्हांला तर हे वाचून आश्चर्यच वाटले.

ह्या दोन्ही गाळांना बंद टाकीत, हवा लागू न देता, सुमारे 35 ते 37 अंश उष्णतेत कुजवितात. खेड्यातील गोबरगॅसची टाकी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. वायू निघतो, त्यात साठ ते पासष्ट टक्के मिथेन असतो, तो जळतो. राहिलेला गाळ कमी होतो आणि त्याची दुर्गंधी उतरते. मुंबईला तर ह्याचा फार जुना इतिहास आहे. माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात 1897 मध्ये मैल्याच्या टाक्यांवर वायू गोळा करण्याची सोय करून त्यावर इंजिन चालविल्याची नोंद तांत्रिक ग्रंथांत सापडते. (हा आश्रम ज्यांच्या पुढाकाराने 1890 मध्ये निघाला ते महापालिका आयुक्त ॲक्वर्थ म्हणजे शंकर तुकाराम शाळिग्राम ह्यांच्यासोबत मराठी पोवाडे गोळा करून छापणारे ॲक्वर्थसाहेब. पोवाडे आम्ही महाविद्यालयात अभ्यासले होते, साहेबांचा कुष्ठाश्रम मात्र आता समजला. असो.) म्हणजे ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले त्यांच्या मैल्याने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईत इंजिन फिरविले.

तर मग पंचवीस दिवस का?

टाकीत कुजण्याचे काम एकाच जातीचे जिवाणू करीत नाहीत. पाळीपाळीने काम करणाऱ्या चार टोळ्या असतात असे समजा. पहिली टोळी घट्ट पदार्थ फोडून पाण्यात विरघळविते. दुसरी त्या विरघळलेल्या पदार्थांची आम्ले करते. तिसरी त्या आम्लांपासून मुख्यतः व्हिनेगारातले आम्ल आणि हायड्रोजन बनविते. चौथी त्यांपासून मिथेन काढते. पहिल्या गाळात अन्नाचे कण, स्निग्ध पदार्थ, पिठूळ पदार्थ असतात. ते तुलनेने लवकर फुटतात. अडचण दुसऱ्या गाळाची आहे. तो निव्वळ अन्न नव्हे, तो जिवंत जिवाणूंचा ढीग आहे. प्रत्येक जिवाणू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, आणि त्याच्या भोवती भित्तिका, चिवट आणि जाळीदार. उन्हापावसात, खारटगोड पाण्यात, दुसऱ्या जिवाणूंच्या हल्ल्यातही टिकून राहावे म्हणूनच निसर्गाने ती दिलेली. त्यातून हे जिवाणू स्वतःच स्रवलेल्या चिकट डिंकात रुतून बसलेले असतात. आतला जो ओला, पौष्टिक भाग आहे तो भित्तिका फुटल्याशिवाय पहिल्या टोळीच्या हाती लागत नाही. सगळी टाकी ह्या पहिल्या टोळीसाठी खोळंबते. आमच्या बँकेत चार खिडक्यांपैकी पहिल्या खिडकीवर रांग अडली की पुढचे तिघे मोकळे बसतात, तसाच प्रकार.

त्या मुलीला आम्ही घरातला दाखला दिला. ज्वारीचा अख्खा दाणा न चावता गिळला तर तो तसाच बाहेर पडतो. तोच दाणा जात्यावर दळला, त्याची भाकरी केली, तर अंगी लागतो. दाण्यातले सत्त्व दोन्ही वेळा तेच; फरक फक्त टरफल फुटले की नाही एवढ्याचाच. घरचे अन्न एका रात्रीत आंबते, कारण ते आपण आधीच दळलेले, भिजविलेले, शिजविलेले असते. गाळ मात्र अख्ख्या दाण्यांचा असतो. तिने लगेच पुढचा प्रश्न केला, "मग गाळ दळत का नाहीत?"

दळतात. पण जिवाणूचा दाणा जात्याच्या दोन तळ्यांत सापडेल एवढा मोठा नाही, ही खरी मेख आहे. त्यासाठी वेगळी जाती लागली आणि ती बहुतेक दुसऱ्या धंद्यांतून उसनी आणली गेली.

पहिले यंत्र गोळ्यांच्या गिरणीचे. रंग आणि छपाईची शाई बारीक करायला ते कारखान्यांत वापरतात. एका नळकांड्यात मिलिमीटरहून बारीक अशा कठीण गोळ्या जवळजवळ काठोकाठ भरलेल्या असतात आणि मधला दांडा त्या वेगाने घुसळीत असतो. त्यातून गाळ ढकलला की दोन गोळ्यांच्या चिमटीत सापडून जिवाणू चिरडले जातात. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील तांत्रिक विद्यापीठात 1990 नंतरच्या दशकात ह्या गिरण्यांवर पुष्कळ अभ्यास झाला.

दुसरे यंत्र दुग्धालयातले. पिशवीच्या दुधावर साय धरत नाही, ते दूध ज्या यंत्रातून काढतात त्याचे पेटंट फ्रान्सच्या ऑगस्त गोलँ ह्यांनी 1899 मध्ये घेतले आणि 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात ते यंत्र लोकांनी पाहिले. पंपाने दूध प्रचंड दाबाखाली आणायचे आणि बारीक फटीतून एकदम मोकळे सोडायचे, म्हणजे स्निग्धाचे थेंब फुटून बारीक होतात. दुधाच्या जागी गाळ घातला आणि दाब वातावरणाच्या काही शे पट नेला, तर फटीतून गाळ सेकंदाला शंभर मीटरहून अधिक वेगाने सुटतो आणि त्या ओढाताणीत जिवाणूंच्या भित्तिका फाटतात.

तिसरे यंत्र आवाजाचे. माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्याच्या किंचित वरचा, म्हणजे न ऐकू येणारा पण जोरकस आवाज गाळात सोडला की पाण्यात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात, वाढतात आणि अचानक मिटतात. मिटताना त्या सुईच्या अग्राएवढ्या जागेत क्षणभर अफाट दाब आणि हजारो अंश उष्णता निर्माण होते, आणि भोवतालच्या पाण्याला असा हिसका बसतो की शेजारचा जिवाणू फाटतो. कंपने फार वाढविली तर बुडबुडे लहान राहतात आणि हिसका कमी होतो; म्हणून श्रवणमर्यादेच्या थोडा वरचाच आवाज ह्या कामी बरा ठरला आहे.

एक गोष्ट आम्हांला उशिरा कळली आणि ती महत्त्वाची आहे. यंत्रात घातलेला गाळ बारीक दिसू लागला म्हणजे जिवाणू फुटले असे होत नाही. थोडा जोर लावला तर फक्त पुंजके सुटे होतात, आतले दाणे अख्खेच राहतात. आणखी जोर लावला तर मग दाणे फुटू लागतात. म्हणून संशोधक गाळाच्या बारीकपणावर न जाता, फोडल्यावर किती द्रव्य पाण्यात उतरले ते मोजतात. कॉस्टिक सोड्यात गाळ बराच वेळ ठेवला असता जेवढे द्रव्य उतरते तो आदर्श मानायचा आणि यंत्राने त्याच्या शेकडा किती काढले ते सांगायचे, अशी रीत आहे. कोणी यंत्र विकायला आला आणि नुसते सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो दाखवू लागला, तर हा आकडा विचारावा.

आता ह्याचा उपयोग किती होतो? हॅम्बुर्ग-हारबुर्ग येथील तांत्रिक विद्यापीठातील टीम, निकेल आणि नाइस ह्यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग वाचण्यासारखा आहे. त्यांनी पाच टाक्या चालविल्या. एकीत साधा गाळ 22 दिवस ठेवला; बाकीच्या चारांत आवाजाने फोडलेला गाळ 22, 16, 12 आणि 8 दिवस. साध्या गाळातील कुजण्याजोग्या द्रव्यापैकी शेकडा 46 च्या आसपास 22 दिवसांत नाहीसे झाले. फोडलेल्या गाळातील तेवढ्याच दिवसांत शेकडा 50 च्या आसपास झाले. हे ऐकून मन थोडे खट्टू होते. एवढ्या खटाटोपाने चारच टक्के! पण 8 दिवसांच्या टाकीकडे पाहा. तेथे शेकडा 44 द्रव्य गेले. म्हणजे 22 दिवसांत जे होत होते ते जवळजवळ सगळे 8 दिवसांत झाले. दाणा फोडल्याचा लाभ पोट अधिक भरण्यात थोडा आणि लवकर भरण्यात पुष्कळ. त्या मुलीच्या पंचवीस दिवसांचे कोडे ह्या एका प्रयोगाने आम्हांला सर्वांत स्पष्ट उलगडले. ज्या शहरात टाक्या अपुऱ्या पडत आहेत आणि नवी बांधायला जागा नाही, तेथे ह्याचे मोल वेगळेच.

दुसरा दाखला प्रत्यक्ष केंद्रांचा आहे. झेक देशातील लिबेरेत्स आणि जर्मनीतील फ्युर्स्टनफेल्डब्रुक व आखेन येथील केंद्रांत निराळी युक्ती केली. कुजविण्यापूर्वी गाळ दाट करण्यासाठी गरगर फिरणारे यंत्र तेथे होतेच, लोण्याचा कारखाना पाहिलेल्यांना मलई वेगळी करण्याचे जे यंत्र माहीत असते त्याच जातीचे. त्यातून दाट गाळ बाहेर पडताना त्याच्यात जो वेग असतो तो एरवी वाया जातो. बाहेर पडण्याच्या तोंडाशी पाती बसवून त्या वेगानेच गाळ चिरडला. प्राग येथील संशोधक झाब्रान्स्का, दोहान्योश आणि येनिचेक ह्यांनी 2006 मध्ये ह्या तीन केंद्रांचा अनेक वर्षांचा अनुभव प्रसिद्ध केला. वायू शेकडा 15 ते 26 वाढला. आम्हांला व्यक्तिशः हा मार्ग सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात नव्या विजेची मागणी फार थोडी आहे.

विजेचा उल्लेख आला तेव्हा जमाखर्च मांडणे प्राप्त आहे. तो आमचा हातखंडा विषय. पुढील आकडे कोणत्याही एका केंद्राचे नाहीत, समजुतीसाठी सरासरी धरलेले आहेत. पण बेरीज-वजाबाकी कोणीही तपासून पाहावी.

पाणी सोडून निव्वळ कोरडा हिशेब केला तर एक टन गाळ घेऊ. त्यातील 700 किलो कुजण्याजोगा. न फोडता शेकडा 40, म्हणजे 280 किलो कुजतो. फोडून शेकडा 50, म्हणजे 350 किलो कुजतो असे उदार मनाने धरू. जादा कुजला 70 किलो. किलोमागे सुमारे 0.9 घनमीटर वायू, म्हणजे 63 घनमीटर जादा. घनमीटरमागे सहा युनिट उष्णता धरली तर 380 युनिटच्या आसपास. इंजिनात जाळून वीज केली तर तिसऱ्या हिश्श्याहून थोडी अधिक, म्हणजे सुमारे 130 युनिट वीज हाती येते. ही जमा.

खर्चात दुग्धालयाचे यंत्र धरू आणि दाब वातावरणाच्या 500 पट ठेवू. घनमीटरभर गाळ त्या दाबाला न्यायला किमान 14 युनिट लागतात, पंपाची घट वेगळी. आता खरी गोम येथे आहे. गाळ पातळ, शेकडा एक घन असेल तर एक टन कोरड्या गाळासाठी 100 घनमीटर दाबावा लागेल, खर्च 1,400 युनिट. तोच गाळ आधी दाट करून शेकडा पाच घन केला तर 20 घनमीटरच दाबावा लागेल, खर्च 280 युनिट. पाणी दळण्यात पैसा घालवू नये, हा ह्या विद्येचा पहिला नियम म्हणायला हरकत नाही. तरीही 280 युनिट खर्च आणि 130 जमा. विजेच्या खात्यावर दीडशे युनिटची तूट आली.

ही तूट थोडी भरून निघते. यंत्रात घातलेली वीज उष्णतेच्या रूपाने गाळातच राहते. वरच्या हिशेबाने गाळ सुमारे 12 अंशांनी गरम होऊन बाहेर येतो. जर्मनीच्या हिवाळ्यात टाकी 37 अंशांवर ठेवायला हे फार उपयोगी. आपल्या विदर्भाच्या उन्हाळ्यात त्याची मातब्बरी कमी. उलट काही खर्च नंतर उगवतात. गाळ फार बारीक झाला की शेवटी त्याचे पाणी काढायला कठीण जाते, त्यासाठी घालावयाचे रसायन जास्त लागते. फुटलेल्या पेशींतून अमोनिया सुटतो. तो पिळलेल्या पाण्यातून पुन्हा केंद्राच्या तोंडाशी येतो आणि त्याच्यासाठी जादा हवा सोडावी लागते. गोळ्या झिजतात, फटी झिजतात, आवाजाचे कांडे झिजते.

मग हे यंत्र कोणी घ्यावे कशाला? घेणाऱ्यांनी ते विजेसाठी घेतलेलेच नाही. शेवटी उरणाऱ्या गाळासाठी घेतले. वरच्या उदाहरणात न फोडता 720 किलो कोरडा गाळ उरतो, फोडून 650. पिळल्यावरही गाळात पाच हिश्श्यांपैकी चार हिस्से पाणी राहते असे धरले, तर ओल्या वजनात 3,600 किलोच्या जागी 3,250 किलो. म्हणजे कोरड्या टनामागे साडेतीनशे किलो ओला गाळ कमी उचलावा लागतो. जर्मनीत गाळाचा फार मोठा हिस्सा भट्टीत जाळतात आणि ते महाग पडते, म्हणून तेथे साडेतीनशे किलो वाचले तर यंत्राचा खर्च निघू शकतो. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी गाळ ट्रॅक्टरने नेऊन पडीक जागेवर टाकला की झाले. तो खर्च इतका थोडा की त्याच्यापुढे कोणतेही यंत्र महागच ठरणार. पण तो खर्च थोडा का आहे? फावड्याने गाळ भरणाऱ्याची मजुरी थोडी आहे, त्याला हातमोजे आणि बूट दिलेले नाहीत, त्याच्या आजारपणाचा रकाना खतावणीत नाही. खर्च होतो, पण तो दुसऱ्याच्या नावावर पडतो. बँकेत अशी नोंद कोणी केली तर तपासनीस दुसऱ्या दिवशी दारात उभा राहील.

गाळ फोडल्याने तो निर्जंतुक होतो अशी समजूत मात्र करून घेऊ नये. काही जिवाणू मरतात हे खरे, पण जंतांची अंडी टणक असतात आणि ह्या यंत्रांतून ती मरतीलच असा भरवसा धरता येत नाही. त्या दृष्टीने वाफेची पद्धत सरस आहे. गाळ बंद भांड्यात दाबाखाली 160 अंशांच्या वर अर्धा तास ठेवायचा, प्रेशर कुकरमध्ये डाळ शिजवावी तसा, आणि मग झाकण उघडल्यासारखा दाब एकदम सोडायचा. जंतू मरतात आणि पेशीही फुटतात. नॉर्वेतील हामार येथे 1995 मध्ये ही सुरू झाली आणि पुढे अमेरिकेत वॉशिंग्टनच्या प्रचंड केंद्रानेही तीच घेतली. मोठ्या शहरांच्या बाबतीत वाफेने यांत्रिक पद्धतींना मागे टाकले, हे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. जेथे केंद्र मध्यम आहे, टाकी जुनी आहे पण धड आहे आणि वाफेचा बॉयलर सांभाळणारे मनुष्यबळ नाही, तेथे चिरडणारी यंत्रे अजून उपयोगी पडू शकतात, असे आमचे मत झाले आहे.

ह्या सगळ्या यंत्रांचा एक शत्रू आहे, तो म्हणजे केस आणि चिंधी. सुरुवातीच्या जाळीतून निसटलेले केस पुढे वळून दोरखंडासारखे होतात. गोळ्यांची गिरणी त्याने तुंबते, बारीक फट तर चिमूटभर धाग्यानेही बंद पडते. कुजविण्याच्या टाकीत वाळू साचते आणि काही वर्षांनी ती रिकामी करावी लागते. कागदावरच्या आकृतीत ही कामे दिसत नाहीत. यंत्र तुंबले की ते कोण उघडतो, टाकी रिकामी करताना आत कोण उतरतो? तेथे मिथेन असतो, आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइडही असतो. तो दाट झाला की नाकाला वास येणेच बंद होते आणि माणूस एका श्वासात कोसळतो. त्याला वाचवायला उतरणारा दुसराही तसाच जातो, असे वृत्तपत्रांत आपण कितीदा वाचले आहे. हाताने मैला उचलण्याविरुद्ध पहिला कायदा 1993 मध्ये झाला. गटारात व सेप्टिक टँकमध्ये संरक्षक साधनांवाचून माणूस उतरविण्यास मनाई करणारा कायदा 2013 मध्ये झाला. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये गटारातील मृत्यूसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरविली आणि 2023 मध्ये ती तीस लाख केली. भरपाईची रक्कम वाढवावी लागते ह्याचा अर्थ मृत्यू थांबलेले नाहीत.

यंत्र आले म्हणजे माणूस आपोआप सुटला, असे आम्ही ह्या अभ्यासाला बसण्यापूर्वी मानीत होतो. आता तसे मानीत नाही. यंत्राच्या पुढे बारीक जाळी आहे का, तुंबलेले यंत्र बाहेरून उलट्या प्रवाहाने धुता येते का, टाकीतील वाळू माणूस न उतरता पंपाने उपसता येते का, ह्या गोष्टी आराखडा काढणाऱ्याच्या पेन्सिलीत ठरतात. आणि त्या टेबलावर आजवर आपली माणसे फार थोडी बसली आहेत. फावडे हातात घेऊन मात्र पुष्कळ उभी राहिली. मुंबईत 2023 च्या जानेवारीत सात नव्या शुद्धीकरण केंद्रांची पायाभरणी झाली, एकूण क्षमता दिवसाला सुमारे 2,460 दशलक्ष लिटर. एवढ्या पाण्यातून रोज निघणारा गाळ पुढे कित्येक वर्षे कोणाला तरी हाताळावा लागणार आहे. त्यासाठी रसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, यंत्र आणि स्थापत्य ह्या चारही शाखांची माणसे लागतील. नागपूरला पर्यावरण अभियांत्रिकीचे संशोधन करणारी 'नीरी' ही राष्ट्रीय संस्था 1958 पासून आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी तिचे दार ठोठावण्यास संकोच करू नये.

ती मुलगी आता अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. आम्ही हा लेख तिला आधी वाचायला दिला. तिने जमाखर्चात एक चूक काढली, ती दुरुस्त केली आहे. मग तिने विचारले, "काका, केस अडवायची जाळी रोज कोण साफ करतं, ते आपण त्या दिवशी पाहिलंच नाही." खरेच पाहिले नव्हते. पुढच्या रविवारी सकाळी आठ वाजता विहारापासून निघून आम्ही पुन्हा त्याच केंद्रावर जात आहोत. ह्या वेळी टाकीपासून नव्हे, जाळीपासून सुरुवात करणार आहोत. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी वही आणि जुन्या चपला घेऊन यावे.